सूरची मरियम आमच्या पडवीत

ऑगस्टात रत्नागिरीकडे कुणी हौसेनं जात नाही. आंबा संपलेला असतो, समुद्र खवळलेला, दोरीवरचे कपडे आठवडाभर वाळत नाहीत आणि घाटात दरड कधी खाली येईल याचा नेम नसतो. मी तिकडची माहेरवाशीण, पण मीसुद्धा जायचे ती मे महिन्यात, नाहीतर गणपतीला. २००९ साली मात्र स्वाइन फ्लूनं पुण्याला धरलं, शाळा-कॉलेजं बंद झाली, आणि मी मरियमला घेऊन भर पावसात माहेरी गेले.

मरियम माझ्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. वय एकोणीस-वीस. ओमान देशातल्या सूर नावाच्या बंदराच्या गावची, पुण्यात कॉम्प्युटर शिकायला आलेली. "तुमचा सूर आमच्या गाण्यात असतो," असं मी तिला पहिल्या भेटीत म्हटलं, तर तिला वाटलं तिच्या गावावर मराठीत गाणंच आहे. गैरसमज दूर करायला मला पेटी काढून दाखवावी लागली. आमचं बोलणं हिंदी, इंग्रजी आणि तिनं भाजीवालीकडून उचललेलं मराठी यांच्या मिश्रणात चालायचं. इथे मी ते सरळ मराठीत देते आहे.

तिच्या खोलीत शिरीन म्हणून एक इराणी मुलगी होती. पेपरात पहिल्या बातम्या आल्या, तोंडाला रुमाल बांधून लोक फिरायला लागले, आणि शिरीन बॅग भरून निघून गेली. माझे यजमान तेव्हा बदलीवर नागपूरला होते. एवढ्या घरात आम्ही दोघीच उरलो.

एका संध्याकाळी मरियम खाली आली आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच बसली.

"ताई, मला ताप आला तर मी फोन कुणाला करायचा?"

"मला."

"आणि तुम्हालाही आला तर?"

तीच पुढे म्हणाली, "रोगाची मला एवढी भीती नाही. रोग सगळ्यांनाच होतोय. पण कोपऱ्यावरचा दुकानदार आता माझ्याकडून पैसे घेताना हात आखडतो. कॉलेजातल्या मुली हसतात आणि पलीकडच्या बाजूनं जातात. मी आजारी पडले तर इथे मी कुणाची?"

तिचे वडील रोज फोन करत होते. घरी ये, एवढंच सांगायचे. सूरच्या बंदरात त्यांची नोकरी, मुंबईच्या आणि केरळच्या लोकांत काढलेलं आयुष्य, त्यामुळे हिंदी चांगलं बोलायचे. पण मरियम जायला तयार नव्हती. तिची एक आत्या तरुणपणी इजिप्तला शिकायला गेली होती. तिथे आजारी पडली म्हणून घरच्यांनी परत आणली, आणि बरी झाल्यावर पुन्हा पाठवलीच नाही. "बाबा वाईट नाहीत, ताई. घाबरट आहेत. एकदा गेले की माझंही तसंच होईल."

शेवटी मी मधला मार्ग काढला. माझं माहेर मालगुंडच्या अलीकडच्या एका वाडीत आहे. तिथे गर्दी नाही, हवा मोकळी. कॉलेज उघडेपर्यंत तिथे राहू. तिच्या वडिलांनी माझ्या दादाशी फोनवर बराच वेळ बोलून होकार दिला. दोघं काय बोलले असतील याची मला उत्सुकता होती. नंतर दादानं सांगितलं, बहुतेक वेळ मासळीच्या भावांवर गेला.

आंबा घाट

एस.टी.त सगळं ठीक होतं ते घाट लागेपर्यंत. आंबा घाटात धुकं इतकं दाट की ड्रायव्हरनं भर दुपारी दिवे लावलेले. बाहेर दिसत काहीच नव्हतं, फक्त कड्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज डावीकडून यायचा आणि वळणानंतर उजवीकडून. मरियम खिडकीला नाक लावून बसली होती. तिसऱ्या-चौथ्या वळणावर तिचा चेहरा पांढरा पडला, ती खोकायला लागली आणि मी पिशवी पुढे धरेपर्यंत तिला उलटी झाली.

पुढच्या सीटवरचे गृहस्थ झटक्यात उठून उभे राहिले. "अहो, ही मुलगी कुठली? पुण्यापासून बघतोय, तोंड बांधून बसलीय."

"परदेशी दिसतेय," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग काय! परदेशातूनच आलाय ना तो रोग! कंडक्टर, यांना उतरवा आधी."

घाटात, त्या धुक्यात उतरवा म्हणजे काय, हे त्यांनाही कळत नसावं. मरियमला मराठी पुरतं येत नव्हतं, पण 'उतरवा' तिला बरोबर कळलं. तिनं माझा हात इतका घट्ट धरला की माझी बांगडी रुतली.

कंडक्टर तिकिटांची पेटी सांभाळत आला. त्यानं मरियमकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि त्या गृहस्थांना म्हणाला, "काका, गाडी लागलीय तिला. या घाटात निम्मी एस.टी. ओकते. सगळ्यांना काय फ्लू झालाय?"

लोक हसले. तरी आमच्या आसपासच्या सीटा रिकाम्या झाल्याच. पलीकडची एक बाईसुद्धा टोपली घेऊन मागे सरकली, पण सरकण्याआधी तिनं आवळासुपारीची पुडी उघडून आमच्यामधल्या मोकळ्या सीटवर ठेवली. "घे गो बाय, चघळ. बरं वाटंल."

साखरप्याला चहाला थांबलो तेव्हा धुकं मागे राहिलं होतं. उतारावरची भातखाचरं, त्यांच्या बांधांवरून वाहणारं तांबडं पाणी, पाठीवर पानांची इरली घेऊन ओणवलेली बायामाणसं. मरियम चहाचा ग्लास तसाच हातात धरून उभी राहिली.

"सलाला!" ती म्हणाली.

ओमानच्या दक्षिणेला सलाला नावाचं गाव आहे म्हणे. उरलेला देश उन्हानं भाजत असतो तेव्हा आपलाच पाऊस त्या एका कोपऱ्याला जाता जाता शिवतो आणि डोंगर हिरवे होतात. लोक गाड्या भरभरून तो पाऊस बघायला जातात, त्यात भिजायला, चटया टाकून जेवायला. आपण ज्या पावसाला वैतागतो तो बघायला कुणी हजार किलोमीटर जातं, हे ऐकून चहावाल्यानं कपाळाला हात लावला.

पडवी

दादा स्टॉपवर छत्री घेऊन आला होता. घरापाशी पोचलो तर वहिनी ओटीवर उभ्या, नेहमीसारख्या पुढे आल्या नाहीत. पायावर पाणी घ्यायला बादली अंगणातच ठेवलेली.

"शोभाताई, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "तुमची सोय पडवीतल्या खोलीत केलीय. चार-पाच दिवस घरात नका येऊ. प्राजक्ताला पाचवा महिना लागलाय."

प्राजक्ता म्हणजे माझी भाचेसून. भाच्याला रत्नागिरीत नोकरी, तो रोज ये-जा करायचा. गरोदर बायकांना हा फ्लू जड जातो, हे पेपरात आलंच होतं. वहिनींचं चुकत नव्हतं. पण ज्या घराच्या उंबऱ्यावर मी लहानाची मोठी झाले तिथून मला बाहेरच थांबवलं, हे मनाला लागलं. खोलीत आल्यावर मी पिशव्या जरा आपटल्याच.

मरियम मात्र खाटेवर बसून हसत होती. पावसाळा लागल्यापासून पहिल्यांदा अशी मोकळी हसताना मी तिला पाहत होते.

"तुला वाईट नाही वाटलं?"

"नाही. त्यांनी तोंडावर सांगितलं. कारणही सांगितलं. पुण्यात मला कुणी काही सांगत नव्हतं, मी नुसती अंदाज करत होते."

थोड्या वेळानं दाराबाहेरच्या स्टुलावर दोन ताटं आली. गरम भात, कुळथाची पिठी, वर खोबरेल तेलाची धार, भाजलेला सुका बांगडा आणि सोलकढी. बांगड्याचा वास आल्याबरोबर मरियमनं डोळे मिटले. सूरमध्येही मासे खारवतात, सुकवतात. त्यांच्या घराच्या गच्चीवर तिची आई ते वाळत घालते आणि मांजरांना हाकलायचं काम मरियमचं असायचं. पुण्यात दीड वर्ष तिनं हा वास घेतला नव्हता. सोलकढी मात्र तिला पहिल्या घोटाला औषध वाटली. दुसऱ्या वाटीनंतर ती तिसरी मागायला लागली.

दोन दिवस छान गेले. घरामागे चढण चढलं की सडा लागतो, कातळाचं उघडं पठार. उन्हाळ्यात तिथे नुसता काळा-तांबडा जांभा तापत असतो, पण ऑगस्टात त्याच्या खाचाखाचांतून पाणी साठतं आणि बोटभर उंचीची जांभळी-पिवळी फुलं इतकी येतात की पाय कुठे ठेवावा हा प्रश्न पडतो. पावसानं घरचा फोन मेला होता आणि मोबाइलला रेंज फक्त सड्यावर यायची. म्हणून रोज संध्याकाळी आम्ही तिथे जायचो. मरियम वडिलांना फोन लावून फुलांचं, बांगड्याचं, समुद्राच्या आवाजाचं सांगायची. समुद्र एकच आहे बाबा, मी फक्त दुसऱ्या बाजूला उभी आहे, असं काहीसं ती अरबीत म्हणाली आणि मग मला त्याचा अर्थ सांगितला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

रत्नागिरी

नाक्यावरच्या रिक्षावाल्यानं ताप आणि पुणे हे दोन शब्द ऐकले आणि गाडी नादुरुस्त असल्याचं सांगितलं. मला त्याचा राग येईना. दादा मग छत्री घेऊन शेजारच्या मोहल्ल्यात गेला आणि दाऊदभाईंना घेऊन आला.

दाऊदभाई साठीचे, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. उमेद होती तोवर मस्कतच्या एका गॅरेजात गाड्या दुरुस्त करत राहिले, आता गावात मारुती व्हॅन चालवतात. त्यांनी व्हॅनच्या सगळ्या काचा खाली केल्या, तोंडावर रुमाल बांधला आणि मागचं दार उघडून धरलं. मी मरियमला आधार देत आणलं. ती थरथरत होती. तेव्हा दाऊदभाई वाकून म्हणाले,

"कैफ हालिश, या बिंती?"

मरियमनं मान वर केली. त्यांच्याकडे बघून ती एकदम रडायला लागली. मी घाबरले. दाऊदभाई मला म्हणाले, "काय नाय ओ. कशी हायेस पोरी, येवढंच इचारलंय."

पुढे तिनं मला सांगितलं. अरबी तर टीव्हीवरही ऐकू येते. पण बाईशी बोलताना शेवटी तो 'इश' लावतात ते तिच्याकडचे लोक. तिची आई, शेजारणी. पावसात भिजलेल्या त्या अंगणात, अंगात ताप असताना, तिला कुणीतरी घरच्या बोलीत विचारलं होतं.

दादा पुढे बसला. वाटेत पाऊस खुल्या काचांतून आत येत होता. मरियम माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. दाऊदभाई रस्त्यावरची नजर न हलवता बोलत होते, थोडं तिच्याशी अरबीत, थोडं माझ्याशी मराठीत.

"मी नवा गेलेलो मस्कतला, तवा मला कांजण्या निंघाल्या. खोलीत आम्ही आठ जण. आपलीच माणसं, पण काय करतील बिचारी? माझी खाट उचलून भायेर गॅलरीत ठेवली. वर ऊन असं की इस्तू. मला वाटलं, झालं, आता आयशीला काय आपण दिसत नाय." हॉर्न देऊन त्यांनी वळण घेतलं. "समोर एक म्हातारी र्‍हायची, तिथलीच. रोज ताक न् खजूर आणून जिन्यात ठेवायची. वर यायची नाय, पोरंबाळं होती ना तिच्या घरात. खालनंच वरडायची, कसा हायेस? मी वरडायचो, बरा हाय. बरा नसलो तरी तसंच सांगायचो. पण तिनं इचारलं की दिस निंघायचा माझा."

सरकारी दवाखान्यात तापाच्या रुग्णांना वेगळ्या दारानं नेत होते. डॉक्टर तरुण होत्या, डोळे झोपेनं जड झालेले, पण घाई न करता त्यांनी मरियमची छाती तपासली, श्वास मोजला, कापसाच्या बोळ्यानं घशातला नमुना घेतला. तो तपासायला पुण्याला जाणार होता. पुण्याहून आम्ही पळून आलो आणि तिचा घसा परत पुण्याला निघाला, यावर मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली.

"श्वासाचा त्रास नाही," डॉक्टर म्हणाल्या. "गोळ्या आजच सुरू करू. निकाल यायला वेळ लागेल. घरी वेगळी खोली असेल तर घरी न्या. धाप लागली तर लगेच परत आणा. घरात लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई आहे का?"

मी दादाकडे पाहिलं. दादा जमिनीकडे बघत होता.

मरियमला प्रश्न कळला होता. ती बाकावरून म्हणाली, "मला इथेच ठेवा. नाहीतर पुण्याला पाठवा. मी त्या घरात जाणार नाही."

इथे ठेवायचं तर तसं कारण नव्हतं, आणि पुण्याच्या रिकाम्या घरात या तापात न्यायची माझी हिंमत नव्हती. दवाखान्याच्या पायरीवरून दादानं भाच्याच्या ऑफिसात फोन लावला आणि वहिनींना सांगायला त्याला आमच्या आधी घरी धाडलं. मी वहिनींच्या जागी असते तर काय केलं असतं, हे मी स्वतःला विचारत होते आणि उत्तर टाळत होते.

घरी पोचलो तेव्हा अंगणात एक रिक्षा उभी होती. भाचा पुढे बसलेला, मागे प्राजक्ता, मांडीवर पिशवी. तिचं माहेर गुहागरला. वहिनी ओटीवरून सूचना देत होत्या, नारळाचं पाणी पी, पायऱ्या जपून उतर, पोचलीस की निरोप धाड.

"वहिनी, हे काय?" मी लांबूनच विचारलं. "तुमच्याच सुनेला बाहेर काढताय?"

"बाहेर कशाला? माहेरी धाडतेय. तिची आई वाटच बघत असते," वहिनी म्हणाल्या. मग व्हॅनमधून उतरणाऱ्या मरियमकडे त्यांनी पाहिलं. "तिला जायला माहेर जवळ आहे. हिला कुठे आहे?"

प्राजक्तानं रिक्षाच्या पडद्यामागून हात हलवला. मरियमनं हात वर केला, पण तो तिला फार वेळ धरवला नाही.

पुन्हा पडवी

पुढचे दिवस सगळे एकसारखे होते. गोळी, पेज, ओला फडका, पुन्हा गोळी. पावसाची सर कौलांवर आली की बोलणं ऐकू यायचं नाही, मग आम्ही नुसत्या एकमेकींकडे बघायचो. वहिनी खिडकीखाली यायच्या, पदर नाकाला लावून. "काय म्हणतेय पोर? पेज गेली का पोटात?" मी सांगायचे. कधी दाऊदभाई येऊन दगडी गडग्यापलीकडूनच हाळी द्यायचे आणि मरियम अंथरुणातून उत्तर द्यायची. तिचा आवाज रोज थोडा वर चढत होता. ताप उतरत होता तो असा मला आवाजावरून कळायचा.

वडिलांना मात्र तिनं काही कळू दिलं नव्हतं. मी सड्यावर जाऊन सांगायचे, मरियमचा घसा बसलाय पावसानं, ती नंतर बोलेल. ते 'अच्छा' म्हणायचे. त्यांच्या त्या 'अच्छा'त विश्वास नसायचा.

ताप जाऊन ती उठून बसायला लागली, तेव्हा निकाल आला. स्वाइन फ्लूच होता. दादानं हे अंगणात उभं राहून सांगितलं. मरियम तेव्हा वहिनींनी दिलेल्या हळदीच्या पानातल्या पातोळ्या खात होती. ज्या नावाला पुण्यात दोन महिने आम्ही घाबरत होतो तो आजार येऊन, राहून, निघून गेला होता. तिनं हातातली पातोळी खाली ठेवली.

"आता बाबांना सांगायला हवं," ती म्हणाली.

"पूर्ण बरी झाल्यावर सांग."

"नको. मग ते म्हणतील, बरं आहे तेव्हाच ही खरं बोलते."

वेगळं राहायला डॉक्टरांनी सांगितलेले दिवस भरले त्या संध्याकाळी आम्ही सड्यावर गेलो. चालताना तिला अजून दम लागत होता, मध्ये दोनदा बसलो. वहिनीही आल्या, काही अंतर ठेवून, पण आल्या. मरियमनं फोन लावला. ती अरबीत बोलत होती, पण कुठल्या वाक्याला तिनं सांगितलं ते मला कळलं, कारण त्यानंतर पलीकडून काहीच ऐकू येईना.

मग तिनं फोन वहिनींपुढे धरला. "बाबांना तुमच्याशी बोलायचंय."

वहिनींनी पदराला हात पुसले. त्यांचं हिंदी टीव्हीवरच्या मालिकांपुरतं. "हां भाईसाब. पोरगी अच्छी है. कल से जेवती है. आज मच्छी मांगी."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. फोनचा आवाज मोठा होता, मला ऐकू आलं. तुम्हाला भीती नाही वाटली?

"लगा ना डर. बहुत लगा," वहिनी म्हणाल्या. "इसलिए खाना दूर से दिया." मग त्यांनी जोडलं, "पर गरम दिया."

फोन पुन्हा मरियमकडे गेला. आता ती कमी बोलत होती आणि जास्त ऐकत होती. तिची चप्पल एका डबक्यात बुडली होती हेही तिच्या लक्षात नव्हतं. एकदा तिनं ठाम आवाजात काही सांगितलं. मग डोळे पुसले. मग हसली. फोनवर हात ठेवून तिनं मला सांगितलं, "बाबांनी विचारलं, तुला काय हवंय? मी म्हटलं, परीक्षा द्यायचीय. ते म्हणाले, दे. पण पुन्हा आजारी पडलीस तर पहिल्या दिवशी सांगायचं. मी बरी आहे असं खोटं सांगायचं नाही."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिला घेऊन आल्यापासून लागलेला घोर आता कमी झाला. परक्याची मुलगी, इतक्या लांब, माझ्या भरवशावर.

"ताई, आता बाबांना तुमच्याशी बोलायचंय."

मला वाटलं आभार मानतील. मी मनात वाक्य जुळवत होते, अहो त्यात काय, तुमची तशी माझी. पण ते आभाराचं काही बोललेच नाहीत.

"बहनजी," ते म्हणाले, "आप भी तो उसी कमरे में थीं. आप कैसी हैं?"

इतक्या दिवसांत मी दादाला, डॉक्टरांना, नागपूरला नवऱ्याला मरियमचीच खबर देत होते. मध्ये दोन दिवस माझंही अंग मोडून आलं होतं, घसा धरला होता, मी ती गोळी घेऊन कामाला लागले होते. माझं कुणी विचारलं नव्हतं आणि विचारायचं असतं हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. मी बरी आहे म्हणायला तोंड उघडलं आणि मला रडूच आलं. फोन कानाशी धरूनच मी डोळे पुसायला लागले.

मरियमनं हलकेच तो माझ्या हातातून घेतला आणि अरबीत दोन वाक्यं बोलली.

"काय सांगितलंस?" मी नाक पुसत विचारलं.

"सांगितलं, ताई रडतायत, पण बऱ्या आहेत." तिनं फोन ओढणीत गुंडाळला. "आणि आता आम्ही जेवायला चाललोय."